रत्ना, क्यूला यू लागतोच असं नाही

रत्ना,

तुझी बातमी इथल्या पेपरात चार ओळींत आली. त्यातली एक ओळ चुकीची आहे. 'इंग्रजी भाषेवर त्यांचे विलक्षण प्रभुत्व होते' असं छापलंय. तू असतीस तर पेपर घडी करून बाजूला ठेवला असतास आणि खो खो हसली असतीस. साधा रजेचा अर्ज इंग्रजीत लिहायचा झाला की तू माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहायचीस. कुठं 'ऑन' घालायचं आणि कुठं 'अ‍ॅट', हे तुला शेवटपर्यंत जमलं नाही. तुला यायचे ते सुटे शब्द, आणि तेही असे की बोलताना कुणाच्याच तोंडी येणार नाहीत. काही देशांत छपरावर कौलांऐवजी दगडाच्या पातळ पाट्या घालतात. त्या पाट्या तासायच्या हत्याराला झॅक्स म्हणतात, हे त्या काळी अख्ख्या मराठवाड्यात बहुतेक तुला एकटीलाच माहीत असावं. झेड, ए, एक्स. तीन अक्षरं, एकोणीस गुण.

तुझ्या प्रज्ञानं मला लिहायला सांगितलं. 'मावशी, आईचं कुणी लिहीलच, पण त्या खेळाचं तुम्हीच लिहू शकता,' म्हणाली. मला रडून लिहिता येत नाही. तुला ते माहीत आहे. आपण दोघींनी टंकलेखनात आयुष्य घालवलं, मजकूर कसाही असला तरी बोटं सारखीच चालवायची सवय लागली.

खेळ तू मुदखेडहून आणलास. तुझे वडील रेल्वेत गँगमन. बहात्तरच्या दुष्काळात मुदखेडच्या मालधक्क्यावर लाल मिलो ज्वारीची पोती आणि दुधाची भुकटी यायची. त्यावर देखरेख करायला एक परदेशी बाई यायची. मालगाडीच्या वाघिणी वेळेवर येत नसत. बाई खोक्यावर बसून वाट पाहायची. तू नववीत, वडिलांची भाकरी घेऊन जायचीस. एकदा तिनं तुला हाक मारून समोर बसवलं आणि पट मांडला. पंधरा आडवी घरं, पंधरा उभी. लाकडी सोंगट्यांवर एकेक इंग्रजी अक्षर आणि कोपऱ्यात त्याचे गुण. हातातल्या सात सोंगट्यांतून शब्द करायचा आणि पटावरच्या शब्दाला जोडायचा. नेहमीच्या अक्षरांना एक गुण, क्यू आणि झेडला दहा.

तुला नववीपुरतं इंग्रजी, तिला मराठी शून्य. ती शब्द मांडायची आणि मातीत चित्र काढून अर्थ सांगायची. तो झॅक्स तू मालधक्क्याच्या धुळीतच पाहिलास. जाताना ती पेटी तुला देऊन गेली, सोबत दोन-दोन, तीन-तीन अक्षरांच्या शब्दांनी भरलेली एक वही. दोन सोंगट्या धक्क्यावरच हरवल्या होत्या. तुझ्या वडिलांनी रुळांखालच्या मोडक्या स्लीपरच्या लाकडातून तेवढ्याच दोन चकत्या कापल्या आणि तापल्या तारेनं त्यावर अक्षरं डागली. त्या बाकीच्यांपेक्षा जाड होत्या. पिशवीत हात घातला की लागलीच कळायच्या.

"आमच्याकडं तवा खायला मिलो व्हता आन् खेळायला झेड," असं तू सांगायचीस.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आपण भेटलो. नव्या कचेरीत माणसं हवी होती, मी नांदेडहून आले, तू मुदखेडहून. दारावरच्या पाटीचा रंग ओला होता. टेबलं आली नव्हती. पहिला आठवडा आपण खोक्यांवर टाइपरायटर ठेवून काम केलं, आणि दुपारच्या सुट्टीत तू त्याच खोक्यावर पट मांडलास. मी शिकलेल्या घरातली, माझ्या वडिलांच्या कपाटात डिक्शनरी. तुला सहज हरवीन असं मला वाटलं होतं. पहिल्याच डावात तू ए-ए असा शब्द लावलास.

"हा काय शब्द झाला?"

"आ. ज्वालामुखीतून येतो ना रस, तो थंड होऊन खडबडीत दगड होतो, त्याला म्हणत्यात. आपण सगळे त्याच्यावरच बसून राहिलोय."

मी हरकत घेतली. हरकत हा आपला कचेरीतला शब्द, आपण तो खेळातही घेतला. हरकत खरी ठरली तर शब्द उचलायचा, खोटी ठरली तर पुढची खेळी गमवायची. निकाल अभिलेख कक्षातल्या जाडजूड डिक्शनरीचा. आपण जाऊन पाहिलं. आ होता. त्याच्याच जवळ ए-आय होता, तीन नखांचा, झाडाला लटकून दिवस काढणारा आळशी प्राणी. त्या दिवसापासून आपल्या बडे बाबूंना आपण आपसात 'आय' म्हणू लागलो.

आता खोलीचं. हे मी टाळणार नाही.

तू पंधरा दिवसांसाठी मुदखेडला गेली होतीस. दोघींसाठी खोली मी शोधली. लातुरात पाण्याची बोंब तेव्हाही होती. नळ कधी येईल याचा नेम नव्हता. त्या घराच्या अंगणात आड होता आणि त्याला पाणी होतं. घरमालकीण काकूंनी माझं आडनाव ऐकलं आणि हसून आत बोलावलं. "दुसरी मुलगी कोण?" असं त्यांनी विचारलं. "माझी मावसबहीण," मी म्हणाले. इतकं सहज तोंडातून निघालं की मला स्वतःलाच त्यात काही वाटलं नाही. तू आलीस तेव्हा मी तुला आड दाखवला, खिडकी दाखवली, स्टो कुठं ठेवायचा ते दाखवलं. हे सांगितलं नाही.

वर्षभर आपण तिथं राहिलो. ते वर्ष चांगलं होतं, हेही खरं आहे. कचेरीतून आलं की चहा आणि एक डाव. सी-डब्ल्यू-एम लावून तू मला वेडं केलंस. एकही स्वर नसलेला शब्द, म्हणजे तीन बाजूंनी कडे असलेली दरी. एकदा तू झेडपासून सहा अक्षरं मांडलीस, झिल्ला.

"हा तर आपला जिल्हा आहे," मी म्हणाले. "हा इंग्रजी नाही."

"त्यांनी नेला की. आता त्यांचाबी हाय."

दुसऱ्या दिवशी तो डिक्शनरीत सापडला. "बघ," तू म्हणालीस, "आज आपल्या कचेरीची पाटी पक्की झाली."

सगळ्यात मोठं भांडण कनातीवरून झालं. तू क्यूपासून पाच अक्षरं लावलीस आणि मध्ये यू नव्हता. शाळेत आपल्याला शिकवलेलं, क्यूमागं यू येणारच. तू म्हणालीस, "ते त्यांच्या शब्दांना. उर्दूतून, फारसीतून गेलेल्या शब्दांना यू लागत न्हाई. फकीर बघ, त्यातबी नुसता क्यू." मी म्हणाले, शब्द मान्य, पण अर्थ सांग. तू म्हणालीस, जमिनीखालून पाणी आणायचा पाट. मी हसले. कनात म्हणजे तंबूची कापडी भिंत, हे आमच्या घरात पोरंसोरंही सांगतील. तू तुझ्या अर्थावर ठाम, मी माझ्या. त्याच आठवड्यात माझे वडील नांदेडहून आले. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. आपण दोघींनी त्यांना पंच केलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "दोन्ही बरोबर. लिहायला वेगळे, ऐकायला सारखे. पण या पोरीचा शब्द पाण्याचा आहे, तोच इंग्रजांनी क्यू लावून घेतला. तिला गुण दे." मग त्यांनी तुला विचारलं, "बेटा, हे कुठं शिकलीस?" तू म्हणालीस, "मालधक्क्यावर."

आणखी एक सांगते, कारण हे कुणालाच माहीत नाही. मी एकदा दुष्काळाचा इंग्रजी शब्द लावायला गेले आणि स्पेलिंग चुकले. मधला जी विसरले आणि टीपाशी एच चिकटवला. चूक माझ्या लक्षात आली तोवर सोंगट्या मांडून झाल्या होत्या. तू हरकत घेशील म्हणून मी वाट पाहिली. तू पटाकडं बघून म्हणालीस, "ड्राउथ. हाय तो. जुना शब्द हाय, दुष्काळच." आणि माझे गुण लिहून घेतलेस. मी पिशवीतून पुढच्या सोंगट्या काढल्या. तुला कळलं होतं की मी चुकलेय, आणि मला कळलं होतं की तुला कळलंय.

संक्रांतीनंतर काकूंकडं हळदीकुंकू होतं. दुपारी त्यांनी आपल्याला मदतीला हाक मारली. मी तिळगुळाचं ताट भरत होते, तू अत्तर लावायला दारात. काकू तुझ्याजवळ आल्या आणि प्रेमानं म्हणाल्या, "सुधाची आई आणि तुझी आई सख्ख्या बहिणी ना गं? चेहऱ्यात काहीच नाही आलं." तू माझ्याकडं पाहिलंस. मी ताटाकडं पाहिलं.

"हो," तू म्हणालीस. सगळ्या बायका जाईपर्यंत तू अत्तर लावत राहिलीस.

वर खोलीत आल्यावर तू खाटेवर बसलीस. सकाळचा डाव अर्धा मांडलेला होता.

"तू मला इचारलं न्हाईस," तू म्हणालीस.

"विचारलं असतं तर खोली मिळाली नसती."

"न मिळती. मला न मिळालेली खोली चालली असती."

"रत्ना, मी तुझ्या भल्यासाठी—"

"माझी आई हाय मुदखेडात. तिला बहीण न्हाई. तिचं नाव सांगायची मला लाज वाटत न्हाई, मंग तुला का वाटली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तू स्वतः खाली गेलीस आणि काकूंना सगळं सांगितलंस. तू कोण, तुझे वडील काय करतात, तुमच्या घरानं छप्पन साली धम्म स्वीकारला ते. मी जिन्यात उभी होते. काकू ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "माझं काही नाही गं, पण घरात म्हातारी माणसं आहेत. महिनाअखेरपर्यंत बघ कुठं सोय होते का." आणि आडावरचा पोहरा उचलून आत नेऊन ठेवला.

महिनाअखेरची वाट तू पाहिली नाहीस. तिसऱ्या दिवशी रिक्षात तुझी ट्रंक आणि पेटी चढली. निघताना तू मला काही विचारलं नाहीस. मीही 'थांब, मी येते' म्हणाले नाही. मी तिथंच राहिले. चार वर्षं, लग्न होईपर्यंत. पाण्याची सोय होती, असं मी आईला सांगितलं, कचेरीत सांगितलं, स्वतःलाही सांगितलं.

तू बदली करून नांदेडला गेलीस. सात महिन्यांनी तुझं पोस्टकार्ड आलं. त्यावर पेन्सिलीनं पंधरा बाय पंधरा घरं आखलेली आणि त्यात आपला तो अर्धा डाव, जसाच्या तसा. खाली दोन ओळी. 'तुझी अक्षरं: ए, आय, टी, एन, ओ, आर, एम. पाळी तुझी हाय.' नाव नाही, खुशाली नाही.

मी ए-आय-टी लावलं, नदीतलं छोटं बेट. उलट टपाली कार्ड पाठवलं.

तिथून पुढं किती वर्षं चाललं ते मी मोजत नाही. पेटी तुझ्याकडं, म्हणजे पिशवीतून माझ्यासाठीही तूच सोंगट्या काढणार. तुला माझी अक्षरं दिसायची, मला तुझी दिसत नव्हती. असा खेळ कुणी खेळत नाही. मी एकदा लिहिलं तसं, तर तू कळवलंस, 'मी लिहिते आन् विसरते. विश्वास नसंल तर सांग.' मी सांगितलं नाही. विश्वास होताच. शिवाय या बाबतीत तक्रार करायचा अधिकार मला नाही, असं वाटायचं. प्रत्येक कार्डावर तू शब्दाचा अर्थ मराठीत लिहायचीस. 'ऑर्ट: जेवण झाल्यावर ताटात ऱ्हायलेला घास.' 'एफ्ट: पाण्यातली पाल.' 'सिअर: वाळून कोळ झालेलं.' त्या अर्थांवर मी खात्याची परीक्षा पास झाले, असं म्हटलं तर कुणाला पटणार नाही. पण इंग्रजी मजकुराची भीती गेली ती या कार्डांनीच. घरचं कपाटभर इंग्रजी मला जे देऊ शकलं नाही ते तुझ्या सुट्या शब्दांनी दिलं. हे मी तुला कधी लिहिलं नाही. कार्डावर जागा नसायची, हे कारण होतं.

तुझं लग्न धर्माबादच्या शिक्षकांशी झालं, प्रज्ञा झाली, हे मला कार्डाच्या समासातून कळलं. मी लग्न करून लातूरचीच झाले, हे तुलाही तसंच.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा टपाल काही दिवस विस्कळीत होतं. मग तुझं कार्ड आलं. पहिल्यांदाच त्यावर घरं आखलेली नव्हती. मधोमध एवढंच: 'हायेस का?'

माझ्या घराला तडा गेला होता, आम्ही सगळे धड होतो. त्या कार्डाच्या उत्तरात मी सगळं लिहू शकले असते. माफी मागायला त्याहून सोपी जागा मला पुन्हा मिळाली नाही. मी लिहिलं, 'आहे,' आणि खाली माझा शब्द लावला, बावीस गुणांचा. तुझं पुढचं कार्ड नेहमीसारखं आलं.

पुढं फोन आले आणि कार्डं बंद झाली. आपण फोनवर खेळू लागलो, दोघींकडं एकेक पट, सोंगट्या अजून तुझ्याच पिशवीतून. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात तुझा फोन आला.

"तुमच्याकडं गाडीनं पाणी येऊन राहिलंय म्हणं."

"हो. टँकरवर नंबर लावावा लागतो."

मग तू विचारलंस, "त्या आडाला हाय का?"

इतक्या वर्षांत त्या घराचा विषय तू तेवढा एकदाच काढलास. आवाजात टोमणा नव्हता. मी कान देऊन ऐकलं, खरंच नव्हता. तुला तेवढंच विचारायचं होतं.

"आटला," मी म्हणाले. "लई वर्षं झाली."

"हं," तू म्हणालीस. "बरं, लिहून घे. एन, यू, दोन एल..." नाल्याचा इंग्रजी शब्द होता. मी लिहून घेतला.

परवा नांदेडला तुझं पुण्यानुमोदन झालं. विहारात दीडशे तरी माणसं होती. निवृत्तीनंतर दर रविवारी तू पोरींना तो खेळ शिकवायचीस, त्या पोरी ओळीनं बसल्या होत्या. बोलणारे सगळे तुझ्या इंग्रजीवर बोलले, आणि मला पुन्हा पेपरातली ओळ आठवली. प्रज्ञानं माझं नाव पुकारलं. मी घरून लिहून नेलं होतं. झॅक्स, कनात, ड्राउथ, सगळं होतं, लोक हसले असते.

मी कागद उघडला आणि मिटला. म्हणाले, "मी रत्नाला न विचारता मावसबहीण म्हटलं होतं, घरमालकिणीनं तिची जात विचारू नये म्हणून. तिनं खरं सांगितलं आणि ती निघून गेली. मी गेले नाही." एवढंच बोलले. कागद हातात धरून तिथंच उभी राहिले.

पुढच्या सतरंजीवर तुझ्या मोठ्या जाऊबाई बसल्या होत्या, गयाबाई. ऐंशीच्या पुढच्या, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्यानं बोलणाऱ्या. त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "मंग तू का न्हाई निघालीस तिच्यासंगं?"

कुणीतरी "राहू दे, आई" म्हणालं. पण तो प्रश्न खरा होता. सगळ्या आयुष्यात तो मला कुणी विचारला नव्हता. तूही नाही. पाण्याचं कारण माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी चार वर्षं सांगितलं होतं आणि नंतर कुणी न विचारताही सांगत आले होते.

"पाणी तर सगळ्यांनाच आणावं लागत होतं," मी म्हणाले. "मला भीती वाटली. तुझ्यासंगं निघाले असते, तर मलाही कुणी खोली दिली नसती. ते मला नको होतं."

मी 'तिच्यासंगं' म्हणायला हवं होतं. 'तुझ्यासंगं' म्हणाले. कुणी दुरुस्त केलं नाही.

गयाबाईंनी आपली मांडी जरा सरकवली आणि सतरंजीवर शेजारी जागा केली.

"बस," त्या म्हणाल्या. "जेवल्याबिगर जाऊ नको."

मी बसले. पोरींनी पत्रावळी मांडल्या. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. गयाबाईंनी विचारलं, मी कोणत्या गावची, आई आहे का, तिचं नाव काय. मी नाव सांगितलं. त्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.